तातारापेक्षा वाईट पाहुणा

पोलंडमध्ये एक जुनी म्हण आहे: अवेळी आलेला पाहुणा तातारापेक्षा वाईट. जेवायची वेळ झाली, घरात भाकरीपुरतंच पीठ आहे आणि दारात दूरचे मामू चार मुलांना घेऊन उभे आहेत, अशा वेळी आपल्या घरातली बाई मनात काय म्हणत असेल ते मला ठाऊक आहे. पोलिश बाई ही म्हण म्हणते. म्हणते, आणि सूपाच्या भांड्यात आणखी पाणी ओतते.

यातला तातार म्हणजे 1241 साली मंगोल फौजेबरोबर आलेला घोडेस्वार. त्या वर्षी क्राकूव शहर जळालं. आज क्राकूवच्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, आणि सूर मध्येच तुटतो. का तुटतो, तर म्हणे शत्रू येताना पाहून तुतारीवाला इशारा देत होता आणि तेवढ्यात तातारी बाण त्याच्या गळ्यात घुसला. ही कथा फार जुनी नाही, पण लोकांना ती आवडते. दुपारी बाराचा तो तुटका सूर पोलंडच्या रेडिओवर देशभर ऐकू येतो. त्याच शहरात उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक माणूस तातारी वेष करून, दाढी लावून, उंच टोपी घालून, कमरेला लाकडी घोडा बांधून रस्त्यावरून नाचत जातो. त्याला लायकोनिक म्हणतात. त्याच्या हातातल्या गदेचा टोला डोक्याला लागला की वर्ष चांगलं जातं, म्हणून आया आपली लेकरं पुढे करतात. ज्याने शहर जाळलं, त्याच्याच हातून बरकत घ्यायची!

पण या गोष्टीत आपल्या वाचकांना जास्त रस वाटेल असा एक धागा आहे. तातार पोलंडमध्ये आजही आहेत, आणि ते मुसलमान आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून ते लिथुआनियाच्या राज्यात येऊन राहिले. पुढे लिथुआनिया आणि पोलंड यांचं एकच राज्य झालं आणि हे तातार त्या राज्याचे घोडदळी शिपाई झाले. 1679 साली राजा सोबिएस्की याने थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांना पूर्वेकडे जमिनी दिल्या. क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी ही त्यांची गावं अजून आहेत, दोन्हीकडे लाकडी मशिदी आहेत. क्रुशिन्यानीची मशीद हिरव्या रंगाची, लांबून पाहिली तर गावातलं छोटं चर्चच वाटावं अशी. बांधणारे सुतार तिथलेच, त्यांना जे बांधता येत होतं ते त्यांनी बांधलं.

1683 साली व्हिएन्नाच्या लढाईत सोबिएस्की तुर्कांविरुद्ध लढला, तेव्हा त्याच्या फौजेत हे तातार होते. समोर तुर्कांच्या बाजूनेही तातारच होते. चेहरे सारखे, कपडे सारखे. मग आपल्या बाजूच्या तातारांनी ओळख म्हणून टोपीत गवताची काडी खोचली, असं सांगतात. 1939 साली जर्मनी पोलंडवर चालून आला तेव्हाही पोलिश घोडदळात तातारांची वेगळी तुकडी होती. त्यांची स्वतःची भाषा काही पिढ्यांतच गेली. पण मागे राहिल्या त्यांच्या किताबा. त्या हस्तलिखितांना ते 'किताब'च म्हणतात. त्यांत भाषा पोलिश किंवा बेलारूसी, आणि लिपी अरबी. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला ही माहिती वाचून जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

आता हा तातार शेतकरी घरी बसलाय, अवेळी पाहुणा आलाय, आणि तोही तीच म्हण म्हणतो. हसून म्हणतो. तुम्हाला यात विचित्र वाटतंय का? मग स्वतःच्या घरात कान द्या. मुलांनी पसारा केला की आमची दादीजान ओरडायची, "काय मोगलाई लागून गेली का रे?" डोक्यावर पदर, हातात तसबीह, आणि तोंडात मोगलाई! एखाद्या साहेबाने भलता हुकूम काढला की आपणच म्हणतो, तुघलकी कारभार आहे. दुष्काळ पडला की अस्मानी-सुलतानी. यातला मोगल, तुघलक, सुलतान यांच्याशी आपलं काही नातं आहे असं त्या क्षणी मनातही येत नाही. आपण मराठीत बोलत असतो, एवढंच.

शेजाऱ्यांना नावं ठेवणं हा पोलिश भाषेचा आवडता उद्योग दिसतो. जर्मन माणसाला तिथे 'न्येमिएत्स' म्हणतात आणि तो शब्द 'मुका' या शब्दावरून आला आहे. ज्याची बोली कळत नाही तो मुकाच. उर्दूवाल्यांना हे नवीन नाही. अरबांनी बाकीच्या दुनियेला 'अजम' म्हटलं त्यातही तोच अर्थ आहे, ज्याला नीट बोलता येत नाही असा. म्हणजे हाफिज आणि सादी ज्या भाषेत लिहून गेले ते लोक मुके! मुका ठरवण्याचा हक्क नेहमी बोलणाऱ्याकडे असतो.

ऑस्ट्रियन बोलणं म्हणजे वायफळ बडबड. निरोप न घेता सटकणं म्हणजे इंग्रजी पद्धतीने जाणं. (फ्रेंच लोकांविषयी हेच इंग्रज म्हणतात.) न समजल्याचं सोंग करणं म्हणजे ग्रीक होणं. कोणालाच काही उमगत नसेल तर तो 'चेक सिनेमा'. खिशात दमडी नसलेला माणूस तुर्की संतासारखा उघडा, म्हणजे आपल्याकडचा कफल्लक फकीर. आणि काही न कळता मख्ख चेहऱ्याने बसून राहणं म्हणजे तुर्की खुतब्याला बसल्यासारखं बसणं. हा शेवटचा वाक्प्रचार वाचून मला जोरात हसू आलं. जुम्याला अरबी खुतबा चालू असताना आपल्या सफांमधले किती चेहरे तसे दिसतात ते सांगायला पोलंडचा माणूस कशाला हवा?

चेक लोकांवर मात्र पोलिश माणूस प्रेमाने हसतो. दोन्ही भाषा बहिणी, आणि बहिणींनी एकमेकींचे शब्द उलटे करून ठेवलेत. चेक बेकरीवर पाटी असते 'चेर्स्त्वी' पाव, म्हणजे ताजा. पोलिशमध्ये त्याच शब्दाचा अर्थ शिळा. पोलिशमध्ये 'झापाख' म्हणजे वास, चेकमध्ये दुर्गंध. आमच्या वर्गात हा खेळ रोज असतो. उर्दूत ग्लास 'खाली' आहे, मराठीत ग्लास 'खाली' आहे. हिंदी पुस्तकात 'शिक्षा' आली की पोरं एकमेकांकडे बघतात.

हंगेरीशी तर पोलंडची भाऊबंदकी नाही, खरंखुरं भाऊपण. दोघे भाऊ, तलवारीलाही सोबत आणि प्याल्यालाही सोबत, अशी तिकडे म्हण आहे. 2007 साली दोन्ही देशांच्या संसदांनी 23 मार्च हा मैत्रीचा दिवस ठरवला. नकाशा उघडून पाहिलात तर कारण कळेल. दोघांची आज सीमा लागत नाही. बांधाला बांध लागला असता तर हे भाऊपण किती टिकलं असतं, हे खेड्यात राहिलेल्या माणसाला विचारा.

ज्यांची सीमा लागते त्यांच्यावरचे विनोद धारदार आहेत. कारण इतिहास तसा आहे. 1772, 1793 आणि 1795 अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि (1793 सोडून) ऑस्ट्रियाने पोलंडचे तुकडे वाटून घेतले आणि 1918 पर्यंत, म्हणजे 123 वर्षं, नकाशावर पोलंड नव्हताच. मग 1 सप्टेंबर 1939 ला पश्चिमेकडून जर्मनी घुसला आणि 17 सप्टेंबरला पूर्वेकडून रशिया. त्या महायुद्धात पोलंडचे साठ लाखांच्या आसपास नागरिक मेले. त्यातले निम्मे ज्यू होते. युद्धानंतर चार दशकांहून जास्त काळ रशियाच्या मर्जीचं सरकार. उघड बोलायची सोय नाही. तेव्हा लोक लतीफे सांगायचे.

रशियन आपले मित्र की भाऊ? भाऊ. मित्र निवडता येतात.

पोलंड आणि रशियाचा व्यापार कसा चालतो? आपण त्यांना कोळसा देतो, आणि त्याच्या बदल्यात ते आपली साखर नेतात.

एक बाई दुकानात शिरते. "तुमच्याकडे मांस नाही ना?" "नाही बाई, आमच्याकडे मासे नाहीत. मांस नाही ते समोरच्या दुकानात."

1955 साली सोव्हिएत रशियाने वॉर्सा शहराला एक प्रचंड उंच इमारत भेट दिली, संस्कृती आणि विज्ञानाचा महाल. वॉर्सातलं सर्वांत सुंदर दृश्य कुठून दिसतं? त्या महालावरून. कारण तिथून महाल दिसत नाही.

आणि माझा सर्वांत आवडता. पोलिश माणसाला दिवा सापडतो, जिन बाहेर येतो, तीन इच्छा माग म्हणतो. "चीनच्या फौजेने पोलंडवर चालून यावं आणि परत जावं." बरं, दुसरी? "तेच." तिसरी? "तेच." जिन चक्रावतो. आपल्याच मुलखावर तीनदा हल्ला? तो म्हणतो, "अरे, पण त्यांना सहा वेळा रशिया तुडवत जावं लागेल!"

शाळेत हा सांगितला तर मुलं हसतात. मग मी त्यांना वळिवड्याबद्दल सांगतो. कोल्हापूरजवळचं वळिवडे. 1943 ते 1948 या काळात तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. 1940-41 मध्ये रशियाने त्यांना घरातून उचलून सैबेरियात आणि आणखी कुठे कुठे नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ते आपल्याकडे पोहोचले. वाटेत किती जणांना मातीत ठेवावं लागलं. पंचगंगेच्या काठी त्यांनी शाळा, चर्च, नाटकं, सगळं उभं केलं. त्या छावणीतल्या एखाद्या आईने जिनचा किस्सा ऐकला असता तर आपला मुलूख तीनदा तुडवला गेला तरी चालेल, हे तिला आपल्यापेक्षा लवकर कळलं असतं.

दुसऱ्यावर हसणाऱ्या या लोकांवर दुसरेही हसतात. जर्मनीत विनोद होता: पोलंडला फिरायला या, तुमची गाडी आधीच तिथे पोहोचली आहे. अमेरिकेत बिनडोक माणूस हवा की तो पोलिश, जसा आपल्याकडे सरदारजी. जर्मन गाडीचा विनोद पोलिश माणूस स्वतःही सांगतो. दुसऱ्याने सांगण्याआधी.

इथपर्यंत ठीक आहे. पण एक गोष्ट मला हसू देत नाही. पोलंडमध्ये बऱ्याच घरांत आणि दुकानांत एक चित्र असतं, दाढीवाला ज्यू म्हातारा नाणी मोजतोय. ते टांगलं की घरात पैसा टिकतो म्हणे. टांगणारे म्हणतात, यात वाईट काय, आम्ही तर त्याला शुभ मानतो. युद्धाआधी पोलंडमध्ये तीस लाखांहून जास्त ज्यू होते. दहातले नऊ मारले गेले, तेही बहुतांश जर्मनांच्या छावण्यांत. विनोदात ज्याला उत्तर द्यायचं होतं तो माणूसच गल्लीत उरला नाही. चित्र उरलं. आज पोलंडमधलेच अनेक लोक या चित्राला विरोध करतात, आणि त्यांचं मला पटतं.

आमच्या गल्लीत क्रिकेटची मॅच असली की सातवीतल्या एका मुलाला त्याचे दोस्त एका शेजारी देशाच्या नावाने हाका मारतात. तोही हसतो. त्याची अम्मी मला म्हणाली, "सर, तो हसतो ना, मग जाऊ द्या." मी तिला म्हटलं, तो घरी आल्यावरही हसतो का ते बघा. दोन दिवसांनी ती परत आली. "नाही हसत," एवढंच म्हणाली. मग मी त्याच्या दोस्तांना बोलावलं, रागावलो नाही, फक्त त्याचं नाव मोठ्याने घ्यायला लावलं. चौघांपैकी एकाला त्याचं पूर्ण नाव माहीत नव्हतं.

लोक बदलतात तशा शिव्या आणि म्हणीही बदलतात. बटाटा आणि ताजं चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या, 'प्येरोगी रुस्किये', ही पोलंडची घरोघरची डिश. 'रुस्किये' ऐकायला रशियन वाटतं, पण तो शब्द आजच्या पश्चिम युक्रेनच्या मुलखावरून आला आहे. 2022 साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि लाखो युक्रेनी बायका-मुलं सीमा ओलांडून पोलंडमध्ये आली, तेव्हा अनेक खानावळींनी पाटीवरचं नाव पुसून 'युक्रेनी प्येरोगी' लिहिलं. याच दोन कौमांमध्ये 1943 साली व्होलिनमध्ये गावंच्या गावं कापली गेली होती, आणि तो हिशेब अजून मिटलेला नाही. तरी लोकांनी स्टेशनवर चहा, सूप आणि ब्लँकेटं घेऊन रांगा लावल्या. अवेळी आलेले पाहुणे होते ते, लाखांनी.

आणि क्रुशिन्यानीत? तिथले तातार आज थोडेच उरलेत, सगळ्या पोलंडमध्ये मिळून काही हजारांच्या आतले. हिरवी मशीद पाहायला सुट्टीच्या दिवशी वॉर्सा आणि ब्याविस्तोकहून गाड्या भरभरून लोक येतात, आणि मशीद पाहून झाली की त्यांना भूक लागते. पातळ कणकेच्या थरांत खिमा गुंडाळून भाजलेलं 'प्येरेकाचेवनिक' तिथे मिळतं. ते करायला वेळ लागतो. पाहुणे वेळेवर येतीलच असं नाही, पण तातार घरातली बाई त्यांना बसायला सांगते आणि पीठ मळायला आत जाते.