सोल्युशन सुकतानाची वीस मिनिटे

दिवाळीच्या आधीचे सहा-सात आठवडे हा आपल्या धंद्याचा हंगाम. घरमालकाला धनत्रयोदशीच्या आत घर हवे असते. ऑफिसवाले शुक्रवारी रात्री जागा मोकळी करून देतात आणि सोमवारी सकाळी कामाला बसू म्हणतात. या घाईत पहिली कात्री लागते ती सुकण्याच्या वेळेला, आणि रबर सोल्युशनवर व्हिनाइल किंवा कार्पेट बसवताना नेमकी तीच वेळ सर्वांत धोक्याची असते.

सोल्युशन दोन्ही बाजूंना फासायचे, पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, बोटाला लागेनासे झाले की शीट दाबून बसवायची, हे नवख्या हेल्परलाही ठाऊक असते. त्या वीस मिनिटांत काय घडते याचा विचार मात्र थोडेच करतात. डब्यातल्या मालात रबर आणि राळ मिळून साधारण चौथा हिस्सा असतो. उरलेले तीन हिस्से टोल्युईन, हेक्झेन, अॅसिटोन यांसारखी द्रावके असतात आणि जोड धरायचा तर ती उडून जावीच लागतात. जातात कुठे? ज्या खोलीत आपली माणसे गुडघ्यांवर बसलेली असतात, तिच्या हवेत.

हिशेब करून पाहू. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ हजार लिटर हवा. एक लिटर द्रावक उडाले की त्याची साधारण २०० लिटर वाफ होते. टोल्युईनची वाफ हवेत १.१ टक्का झाली की ती ठिणगीने पेट घेऊ शकते. हेक्झेनचा आकडाही जवळपास तोच. ३४ हजारांचा १.१ टक्का म्हणजे ३७४ लिटर वाफ. तेवढ्या वाफेला दोन लिटरपेक्षा कमी द्रावक पुरते, म्हणजे पाच लिटरच्या डब्यातला जेमतेम अर्धा माल. खिडक्या बंद ठेवून अर्धा डबा फासला आणि तो सुकला, की अख्खी खोली पेटण्याजोगी होऊ शकते. तेही वाफ खोलीभर सारखी पसरली असे धरून. प्रत्यक्षात टोल्युईन आणि हेक्झेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते, ती जमिनीलगत साचते. घोट्याच्या उंचीवर ही मर्यादा त्याच्या कितीतरी आधी गाठली जाते.

थंडीत भीती नाही, असे काही जण मानतात. टोल्युईनची वाफ ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी होते, हेक्झेनची उणे २२ अंशांना. महाराष्ट्रात कोणत्याही ऋतूत, कोणत्याही गावी, हा माल पेटण्याच्या तयारीतच असतो. उन्हाळ्यात तर तो आणखी वेगाने उडतो: २० अंशांच्या तुलनेत ४० अंशांना टोल्युईनच्या वाफेचा दाब अडीच पटींहून अधिक असतो. मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला काम करणाऱ्यांनी वरचा हिशेब त्या प्रमाणात कडक धरावा.

आता त्या वीस मिनिटांत साइटवर काय चालते ते आठवा. हात रिकामे असतात, म्हणून कोणी चहा ठेवतो, कोणी बिडी पेटवतो. फरशीची उंची वाढल्यामुळे दार अडणार असते, म्हणून सुताराला तेवढ्यात ते खालून कापायला सांगितले जाते. शेजारच्या खोलीत ग्राइंडर चालतो. स्कर्टिंगसाठी हीटगन तापत असते. घरमालक राहत्या घरातच असतील तर फ्रिज आपोआप चालू-बंद होत असतो, देवघरात दिवा असतो, दाराची बेल वाजते. यातले काहीही सोल्युशन लावलेल्या खोलीत असायलाच हवे असे नाही. जड वाफ दाराच्या फटीतून पॅसेजमध्ये, तिथून स्वयंपाकघरात सरकते आणि पेटली की ज्योत त्याच वाटेने उलटी धावत येते. तिच्या दुसऱ्या टोकाला ओले सोल्युशन आणि उघडा डबा असतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २००४-०५च्या सुमारास बॉस्टनच्या परिसरात दोन घरांना अशाच आगी लागल्या. लाकडी फरशीवर लावायच्या लॅकर सीलरच्या वाफेने पेट घेतला आणि तीन कामगार गेले. तिघेही व्हिएतनामहून आलेले. पुढे त्या राज्याने कायदा करून फरशीकामात असा सीलर व्यावसायिकांनी वापरण्यावर बंदी आणली. त्यांचे सीलर आणि आपले सोल्युशन यांचा उपयोग वेगळा असला तरी वाफेचे वागणे एकच आहे.

आग लागली नाही म्हणजे निभावले, असेही नाही. कारखान्यांसाठी आपल्या कायद्याने टोल्युईनची आठ तासांची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत १०० भाग ठरवली आहे. पेट घेण्याची मर्यादा आहे सुमारे ११ हजार भागांवर. म्हणजे आगीच्या दृष्टीने निर्धास्त वाटणाऱ्या खोलीतही कारागीर फुप्फुसांना सोसवेल त्याच्या कितीतरी पट वाफ ओढत असू शकतो. वासावर भिस्त ठेवू नये, नाक थोड्या वेळात सरावते. तोंडाला बांधलेला ओला गमछा किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. त्याला सेंद्रिय वाफेसाठीचा कार्बन कार्ट्रिजचा मास्कच लागतो. डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, उगाच हसू येणे ही टोल्युईनची लक्षणे. ‘त्याला किक बसली’ म्हणून पोराची थट्टा करण्याऐवजी त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यायला हवे.

हेक्झेनचा त्रास सावकाश येतो, म्हणून तो जास्त फसवा. जपानमध्ये १९६०च्या दशकात व्हिनाइलच्या चपला चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय लुळे पडू लागले, तेव्हा कारण निघाले चिकटद्रव्यातले हेक्झेन. पावलांना मुंग्या, मग बधिरपणा, मग हातातली पकड सुटणे, असा त्याचा क्रम. इस्तंबूलचे डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४मध्ये बूट बनवणाऱ्या कामगारांमधला रक्ताचा कर्करोग आणि चिकटद्रव्यातले बेंझिन यांचा संबंध जगापुढे ठेवला. सुट्या, लेबल नसलेल्या थिनरने सोल्युशन पातळ करणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. त्या कॅनमध्ये काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. सपाट जमिनीवर व्हिनाइल शीट किंवा टाइल बसवायला द्रावकाचे सोल्युशन वापरण्याचे कारण आता उरलेले नाही. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक चिकटद्रव्य बाजारात सहज मिळते. ते एकाच बाजूला, दातेरी पट्टीने लावायचे असल्याने डबा जास्त पुरतो. अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. कोकणात पावसाळ्यात ते सुकायला वेळ घेते आणि स्लॅबमध्ये ओल असेल तर धरत नाही. पण ओल असलेल्या स्लॅबवर कोणतेही व्हिनाइल घालूच नये. जिन्याच्या कडा, स्कर्टिंगचे वळण, उभ्या पृष्ठभागांवरचे तुकडे यांना मात्र जागच्या जागी पकड लागते. तिथे सोल्युशन राहील, पण काम वाटीभर मालाचे असेल, डबाभर नव्हे.

जिथे ते वापरावेच लागेल तिथे डब्याचे झाकण निघण्याआधी खिडक्या उघडा, घरातला गॅस आणि दिवा विझवा, फ्रिजचे बटण आधीच बंद करा. पंखा दाराबाहेरून ताजी हवा आत ढकलेल असा ठेवा आणि शेवटचा जोड बसून वास जाईपर्यंत त्याचे बटण चालू-बंद करू नका. काम आतल्या भिंतीकडून दाराकडे आणा. शेवट बाल्कनीकडे केला तर आग लागल्यावर आठव्या मजल्यावरच्या माणसाला जायला वाट राहत नाही. पावडरचा अग्निशामक खोलीबाहेर, हाताशी असावा. पेटलेल्या सोल्युशनवर पाणी मारले तर ते तरंगत पसरते. रिकामा डबा ग्राइंडरने कापून वापरायची सवय सोडाच, त्यात भरल्या डब्यापेक्षा वाफ जास्त असते.

साठ्याबद्दल कायदा जुना आणि सुस्पष्ट आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात हायड्रोकार्बन असलेले घट्ट ज्वालाग्राही मिश्रणही येते. त्यातला सर्वांत ज्वलनशील, म्हणजे ‘अ’ वर्गाचा माल विक्रीसाठी नसला तरी परवान्याशिवाय ३० लिटरपेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाही, आणि तोही घट्ट बुचाच्या, २५ लिटरपर्यंतच्या धातूच्या डब्यात. प्लास्टिकच्या बादलीत ओतून झाकलेला माल यात बसत नाही. हेल्परच्या पिशवीत डबा देऊन त्याला लोकलने पाठवणे हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो हेल्पर.

हे सगळे कारागिराच्या दक्षतेवर सोपवून चालणार नाही. चौरस फुटावर पैसे मिळणारा फिटर वीस मिनिटे खिडकी उघडी ठेवून स्वस्थ बसणार नाही, कारण त्या वेळेचे त्याला कोणी काही देत नाही. ती वेळ ठेकेदाराने कोटेशनमध्ये स्वतंत्र बाब म्हणून लिहावी: ‘हवा खेळती ठेवणे व सुकण्याचा काळ, त्या काळात घरात अन्य काम बंद.’ पुढे तासांचा आकडा आणि त्याची रक्कम. आर्किटेक्टनी टेंडरमध्ये चिकटद्रव्याचा प्रकार नावानिशी मागावा, ‘योग्य चिकटद्रव्य’ एवढ्यावर सोडू नये. ही बाब काही ग्राहक खोडतील. त्यांना वरचा दहा बाय बाराच्या खोलीचा हिशेब कागदावर मांडून दाखवा, आणि तरीही बाब खोडलीच तर त्या कामावर सोल्युशनचा डबा नेऊ नका.