जुन्या सांगाड्यावर नवे मजले

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला, सदर्क भागात, एका जुन्या छापखान्याच्या इमारतीवर नवे मजले चढले आहेत. लँडसेक कंपनीच्या या कचेरी-संकुलाचे नाव ‘टिंबर स्क्वेअर’. जुना सांगाडा बव्हंशी तसाच ठेवून वर पोलादी तुळया टाकल्या आणि त्यांवर लाकडाचा स्लॅब.

लाकडाचा म्हटल्यावर आपल्याला वाड्याचा माळा आठवतो. हे लाकूड मात्र निराळे. फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून जाड पाट तयार करतात. घनमीटरभर काँक्रीटचे वजन सुमारे २४०० किलो, या लाकडाचे जेमतेम ५००. मजले हलके झाले की जुने खांब आणि पाया चढवलेला भार पेलू शकतात. सारे गणित इथेच आहे. पोलाद कशाला? तर कचेरीच्या दालनात मधेमधे खांब नकोत म्हणून.

जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. तेव्हा ओतलेले काँक्रीट न फोडणे हीच मोठी बचत, लाकडाचे कौतुक त्यानंतरचे, असे मला वाटते.

आगीचे काय? जाड लाकूड बाहेरून कोळसा होते आणि तो थर आतल्या गाभ्याला काही काळ जपतो. उघडे पोलाद मात्र तापले की वाकते, त्याला संरक्षक लेप लागतो. तरीही २०१७ च्या ग्रेनफेल अग्निकांडात ७२ माणसे गेल्यावर ब्रिटनमध्ये विमेवाले लाकडी इमारतींना बिचकतात. त्यांची भीती अगदीच पोकळ नाही.

आणि सारे लंडन शहाणे झाले, असेही नव्हे. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे मार्क्स अँड स्पेन्सरचे दुकान पाडायला मंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये नकार दिला, मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि डिसेंबरात परवानगी मिळालीच.

मुंबईत तर पाडल्यावर वाढीव चटईक्षेत्र मिळते. मग जपेल कोण? वास्तविक इंग्लंडात घडवलेला लोखंडी सांगाडा जहाजाने आणून १८६० च्या दशकात जोडलेले वॉटसन हॉटेल याच शहरातले. खारट हवेने सळया गंजलेल्या इमारती पाडाव्याच लागतील, हे मान्य. पण गंज किती, हे मोजायला माणूस येतो तेव्हा पुष्कळदा नव्या टॉवरचे माहितीपत्रक छापून तयार असते.