चाच्यांचा बंदोबस्त : तोफेने की कायद्याने?

मी मूळचा डहीचा. धार जिल्ह्यातील हे गाव नकाशावर सापडायला थोडा वेळ लागतो. आमचे पणजोबा धारच्या पवारांच्या चाकरीत माळव्यात गेले आणि घराणे तिकडचेच झाले. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो या महाविद्यालयात आल्यावर, सहलीच्या निमित्ताने, कारवारला. तेव्हा समुद्रावरील चाच्यांविषयी डहीच्या माणसाने लेख लिहावा हे कुणालाही चमत्कारिक वाटेल. गेल्या सुट्टीत मी घरी हा विषय काढला तेव्हा आजोबांनाही तसेच वाटले. ते म्हणाले, "अरे, समुद्र कुठे, आपण कुठे! तिकडचे चोर तिकडच्यांनी बघावेत."

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. मागाहून सुचले. आमच्या गावापासून काही कोसांवर नर्मदा आहे. ती पश्चिमेला भडोचच्या पुढे खंभातच्या आखातात समुद्राला मिळते. आमचे पाणी समुद्राला जाते आणि समुद्रावरून आलेल्या वस्तू आमच्या शेतात येतात. ट्रॅक्टरचे डिझेल ज्या तेलापासून होते ते तेल जहाजाने येते. कापसाला घालायचे पोटॅशही जहाजानेच येते. पण हा झाला व्यापाराचा हिशेब. मला हा विषय सुचला तो निराळ्याच कारणाने.

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा मित्र रत्नागिरीकडचा आहे. त्याचा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी आहे. २०२४ च्या जानेवारीत 'लीला नॉरफोक' नावाच्या जहाजावर सोमालियाजवळ चाचे चढल्याची बातमी आली. जहाजावर २१ माणसे होती, त्यांतली १५ भारतीय. त्या आठवड्यात मित्राच्या भावाचा फोन लागत नव्हता. आई दर तासाला मित्राला फोन करी आणि एकच विचारी, "काही कळलं का रे?" भाऊ त्या जहाजावर नव्हता, तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. 'लीला नॉरफोक'वरील माणसेही सुखरूप सुटली. ती जहाजातल्या एका भक्कम खोलीत आतून दार लावून बसली होती. नौदलाची 'चेन्नई' ही युद्धनौका पोचली, कमांडो जहाजावर उतरले, तेव्हा चाचे निघून गेलेले होते. पण ते तीन दिवस मी त्या मित्राच्या शेजारच्या खाटेवर काढले आहेत. तेव्हापासून 'तिकडचे चोर' हा शब्द मला पटत नाही.

चाच्यांचा बंदोबस्त कसा करावा असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण म्हणतील, नौदल पाठवा आणि उडवून द्या. माझे मत थोडे वेगळे आहे. नौदल हवेच. परंतु तोफेच्या मागे कायदा नसेल तर चाचा सुटतो आणि त्याचे भोग दुसऱ्याच कुणाला तरी भोगावे लागतात. ही गोष्ट आजची नाही. १६९५ साली मक्केहून सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. जहाजावर यात्रेकरू होते, स्त्रिया होत्या. त्यांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत. बादशहाचा कोप झाला आणि सुरतेच्या वखारीतले इंग्रज व्यापारी कैदेत पडले. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

येथे कुणी म्हणेल, आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणत होते. म्हणत होते खरे. पण कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीजही स्वतःच्या परवान्याशिवाय कुणाला समुद्रात फिरकू देत नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने चाचेगिरीची व्याख्या केली आहे. खाजगी लाभासाठी, खुल्या समुद्रात, एका जहाजावरील लोकांनी दुसऱ्या जहाजावर केलेला हिंसाचार किंवा लूट म्हणजे चाचेगिरी. या व्याख्येत कान्होजी बसत नाहीत. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला त्यांचेच नाव आहे. असो.

आता आपल्याच काळातील एक प्रसंग सांगतो. १९९९ च्या ऑक्टोबरात 'अलोन्द्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज सुमारे सात हजार टन अॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून जपानकडे निघाले. वाटेत चाच्यांनी ते ताब्यात घेतले आणि सतरा खलाशांना एका तराफ्यावर समुद्रात सोडून दिले. थायलंडच्या मच्छीमारांना ते दिसले म्हणून वाचले. इकडे चाच्यांनी जहाजाला नवा रंग दिला, नवे नाव दिले, काही माल विकूनही टाकला. नोव्हेंबरमध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर समुद्रात तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या जहाजाने त्यांना गाठले. नौदलाची 'प्रहार' ही नौका मदतीला आली. चाच्यांनी जहाज बुडवण्याचाही प्रयत्न केला, पण अखेर पंधराजण पकडले जाऊन मुंबईला आणले गेले. कान्होजी ज्यांच्या बाजूने काही काळ लढले त्या ताराबाईंच्या नावाच्या जहाजाने चाचे पकडावेत, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो. तटरक्षक दलाने अहल्याबाई, अक्कादेवी, कित्तूर चन्नम्मा ही नावेही आपल्या जहाजांना दिली होती. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना हे वाचून बरे वाटेल.

परंतु पुढे काय झाले? २००३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्या चाच्यांना सात वर्षांची सक्तमजुरी दिली. २००५ साली उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच आपल्या देशात नव्हता. जुन्या भारतीय दंडविधानात दरोडा होता, चोरी होती. पण परक्या जहाजावर, परक्या समुद्रात, परक्या माणसांनी केलेल्या गुन्ह्याला ती कलमे पुरी पडेनात. नौदलाने केलेली कामगिरी अशी कागदावर वाया गेली.

त्यानंतर सोमालियाचे चाचे पुढे आले. १९९१ साली त्या देशातले सरकार कोसळले. किनाऱ्यावर राखण करणारे कुणी उरले नाही, परदेशी जहाजे येऊन मासळी उपसू लागली, आणि बंदूकवाल्यांना खंडणीचा धंदा सापडला. चाचे गरिबीतून येतात, हे खरेच; परंतु ज्याला ते ओलीस धरतात तो खलाशीही बहुधा गरिबाच्याच घरचा असतो, ही गोष्ट सहानुभूती दाखवणारे विसरतात. २००८ च्या ऑक्टोबरपासून आपल्या युद्धनौका एडनच्या आखातात जहाजांना सोबत करू लागल्या. २०११ च्या पहिल्या काही महिन्यांत आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने शंभरावर चाचे पकडून मुंबईला आणले. आपण टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी 'अस्फाल्ट व्हेंचर' या जहाजावर पंधरा भारतीय खलाशी चाच्यांच्या ताब्यात होते. जहाज २०१० च्या सप्टेंबरात पळवले गेले होते. २०११ च्या एप्रिलमध्ये खंडणी दिली गेली. चाच्यांनी पैसे घेतले, जहाज सोडले, आठजणांना सोडले आणि सातजणांना ठेवून घेतले. आमचे साथीदार भारताच्या तुरुंगात आहेत, ते सोडा, मग हे सात सोडू, असे त्यांचे म्हणणे. हे सातजण सुटले २०१४ च्या ऑक्टोबरअखेर. चार वर्षांहून अधिक काळ! आमचा पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. तेवढ्या काळात माणूस कुठल्या कुठे जातो, याचा विचार करून पाहा. चाचे पकडणे चूक होते असे मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी आपण शंभर चाचे तुरुंगात घातले, त्या दिवशी त्यांच्या ताब्यातल्या आपल्या माणसांचे काय होईल, याचा विचार तितक्याच तातडीने व्हायला हवा होता. सुरतेच्या वखारीतला न्याय येथेही झाला. करणारे एक आणि भोगणारे दुसरे.

तोफेवरच विसंबले की काय होते, याचा दुसरा नमुना केरळच्या किनाऱ्यावरचा आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी एका मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. त्यांना वाटले चाचे आले. बोटीवर होते आपले मच्छीमार. त्यांतले दोघे ठार झाले. दहा कोटी रुपयांची भरपाई आली आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. दूरून येणारी प्रत्येक होडी ज्याला चाच्याची दिसते, अशा माणसाच्या हाती बंदूक देताना नियम फार काटेकोर हवेत.

यावर कुणी विचारील, मग जहाजांनी स्वतःचे रक्षण करायचे कसे? करता येते. वेग वाढवणे, वळणे घेत जाणे, कठड्याला काटेरी तारा बांधणे, पाण्याचे जोरदार फवारे सोडणे, चोवीस तास टेहळणी ठेवणे हे साधे उपाय पुष्कळदा पुरतात. मी वर सांगितलेली भक्कम खोली हाही त्यांतलाच एक. २००९ साली सेशेल्स बेटांकडे 'एमएससी मेलडी' या प्रवासी जहाजावर चाचे चालून आले, तेव्हा प्रवाशांनी वरून खुर्च्या फेकल्या आणि पहारेकऱ्यांनी पिस्तुले झाडून त्यांना पिटाळले. पण असे साहस दर वेळी साधेलच असे नाही, आणि बातमी येते तीही साधल्याचीच.

सुदैवाने कायद्याची उणीव आता भरून निघाली आहे. २०२२ साली संसदेने चाचेगिरीविरोधी कायदा मंजूर केला आणि २०२३ मध्ये तो अमलात आला. जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कुणाचा जीव गेला तर फाशीही होऊ शकते. लगेच त्याची कसोटीही लागली. २०२३ च्या डिसेंबरात पळवलेले 'रुएन' हे जहाज नौदलाच्या 'कोलकाता' या युद्धनौकेने २०२४ च्या मार्चमध्ये, किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर, चाळीस तासांच्या प्रयत्नानंतर सोडवले. सतरा खलाशी सुखरूप सुटले. पस्तीस चाचे शरण आले आणि २३ मार्चला मुंबई पोलिसांच्या हवाली झाले. १९९९ सालच्या त्या चाच्यांसारखे आता कलमाअभावी कुणी सुटू नये.

तरीही माझ्या मते काम अर्धेच झाले आहे. कायदा चाच्याला काय करायचे ते सांगतो. खलाशाच्या आईला काय करायचे ते सांगत नाही. खलाशांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात आता अशी तरतूद आहे की, खलाशी चाच्यांच्या कैदेत असेपर्यंत त्याची नोकरी चालू मानली जाईल आणि पगार घरी मिळत राहील. ही तरतूद २०२० च्या डिसेंबरपासून लागू आहे. मी मित्राच्या आईला हे सांगितले तेव्हा त्यांना ते माहीत नव्हते. त्यांच्या मुलालाही नव्हते. ज्या एजंटाने त्याला नोकरी लावून दिली त्याने पैसे मोजून घेतले होते, कागद समजावून दिला नव्हता.

म्हणून माझे सांगणे एवढेच. चाच्यांवरचे खटले वर्षानुवर्षे रेंगाळू नयेत. जहाजावरच्या बंदुकीला कडक नियम असावेत. आपली माणसे ओलीस असतील तर त्यांच्या घरी नियमाने खबर देणारा एक जबाबदार अधिकारी असावा; आईने वर्तमानपत्रावर अवलंबून राहू नये. आणि आपल्यापैकी जे मित्र बोटीवर जाण्याचे बेत करीत आहेत त्यांनी सरकारी परवाना असलेल्या एजंटाकडूनच जावे, करारनामा वाचून मग सही करावी, आणि त्याची एक प्रत घरी ठेवून जावी. कागदाची ही एक प्रत संकटात घरच्यांना फार मोठा आधार देते.

येत्या सुट्टीत डहीला गेलो की हा लेख आजोबांना वाचून दाखवणार आहे. समुद्र लांब आहे हे ते पुन्हा म्हणतील. पण त्या तीन दिवसांत माझ्या शेजारच्या खाटेवर जो फोन वाजत होता, त्याची हकिकत ऐकल्यावर ते काय म्हणतील, हे मला पाहायचे आहे.