टाळ्या कशाला वाजवता?

गेल्या उन्हाळ्यात पोखर्णीजवळच्या एका वस्तीवर, एका घराच्या ओसरीत मी बसले होते. समोर चोवीस-पंचवीस वर्षांची बाई, मांडीवर बावीस दिवसांचं लेकरू. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ती गाते. नवऱ्याची गायन पार्टी आहे. लग्नसराईत, जयंत्यांमध्ये, हळदीच्या रात्री ती गावोगाव जाते आणि पार्टीचा मुख्य आवाज हिचाच. नवऱ्यानं पुढच्या आठवड्यातल्या दोन सुपाऱ्या घेतल्या होत्या, विसारही उचलला होता. हिचे टाके पिकलेले, धड बसता येत नव्हतं. मी डॉक्टरांचा कागद दाखवून त्याला समजावत होते. तो चिडला नाही, ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला विठाबाई माहीत नाही का? नाळ तोडून बोर्डावर उभी राहिली. हिला तर तीन आठवडे झालेत."

मैत्रिणींनो, मी निरुत्तर झाले. कारण हे वाक्य त्याला कुठे मिळालं ते मला माहीत होतं. आमच्याच 8 मार्चच्या कार्यक्रमात. साउंड त्याचा होता. पाहुण्या वक्त्यांनी भरल्या गळ्यानं विठाबाईंची ती गोष्ट सांगितली आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. पहिल्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

गोष्ट आपल्या सर्वांच्या पाठची आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, तमाशाची सम्राज्ञी. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यावरच्या लेखांत, भाषणांत, शाळेच्या स्नेहसंमेलनात ही गोष्ट येते ती 'कलेवरची निष्ठा' या मथळ्याखाली. त्या दिवशीही तशीच आली. फक्त मागच्या बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी शेजारणीला विचारलेलं मला ऐकू आलं होतं, "मंग त्या बाईला कुणी डिंकाचा लाडू दिला का न्हाई?" मी तेव्हा हसले होते. आज लाज वाटते.

कारण सगळ्या चरित्रांना विचारायचा प्रश्न तोच आहे. आमचा अकरा बायकांचा एक वाचनगट आहे. गुरुवारी दुपारी कामं आटोपली की एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, निवडणं-टिपणं हातात. वर्षभर आम्ही गाणाऱ्या-नाचणाऱ्या नामांकितांची चरित्रं आणि आत्मकथनं वाचतो आहोत. मी समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा 'केस हिस्टरी' कशी लिहायची ते शिकले. पण एखाद्याची हकिकत वाचताना गाळलेली जागा कुठे आहे ते हुडकायला मला या बायकांनी शिकवलं.

विठाबाईंवर योगीराज बागूल यांनी लिहिलेलं 'तमाशा: विठाबाईच्या आयुष्याचा' हे चरित्र आहे. त्याच्याविषयी बोलणं झालं त्या दिवशी ऊसतोडीला जाणारी एक बाई म्हणाली, "महं दुसरं लेकरू फडातच झालं. कोयत्यानं नाळ तोडली. तिसऱ्या दिवशी मोळी उचलली. मुकादमानं दोन खाडे लावले. टाळ्या कुणी न्हाई वाजवल्या." तमाशाचाही फड आणि उसाचाही फडच. एका फडात बाई बाळंत झाली की ती दंतकथा होते, दुसऱ्या फडात झाली की तिची मजुरी कापली जाते. गंमत अशी, की दंतकथा झालेल्या बाईच्याही हाती काही पडलं नाही. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, पण अखेरचे दिवस आजारपणात आणि पैशांच्या ओढाताणीत गेले. 2002 साली त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. ज्या बाईला आपण बाळंतपणाची चार दिवसांची विश्रांती देऊ शकलो नाही, तिच्या नावाचा सन्मान देतो!

निष्ठा असेलही. विठाबाईंची कलेवरची माया मी नाकारत नाही, मी कोण नाकारणार? पण ज्या बाईवर सगळा फड पोसला जातो, प्रयोग मोडला तर ज्यांची चूल पेटणार नाही अशी माणसं जिच्यामागे उभी आहेत, मातंग समाजात जन्मल्यामुळे जिला गावकुसाबाहेरच ठेवलं गेलं, तिला त्या रात्री 'नाही' म्हणायची सोय होती का? जिथे नाही म्हणता येत नाही तिथे निष्ठा हा शब्द कोण वापरतं? तिकीट काढून समोर बसलेला.

बालगंधर्वांची अशीच एक गोष्ट आहे. 1911 साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहानगी मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. नाट्यवेड्या महाराष्ट्राचे डोळे आजही त्या आठवणीनं पाणावतात. आमच्या गटात ते वाचलं आणि एकीनं विचारलं, "तिची आई कुठं होती तवा?" पानं उलटली. लक्ष्मीबाई घरी. बस्स. रसिकांसाठी दुःख गिळणारा बाप अजरामर झाला. मेलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या आईला अर्धी ओळही मिळत नाही.

आणि गोहरबाई? विजापूरकडच्या या गायिकेच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, बहीण अमीरबाई सिनेमात नावाजलेली. पण मराठी आठवणींमध्ये गोहरबाई येतात त्या गंधर्वांना 'नादी लावणारी' म्हणून. मुसलमान, गाणारी आणि परप्रांतातली. खापर फोडायला आणखी काय हवं? गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली होती ती 1921च्या सुमारास. गोहरबाई आल्या 1930च्या दशकाच्या अखेरीस. अत्तरं, भरजरी शालू, डोळे दिपवणारे पडदे यांवर पैसा उधळला तेव्हा त्या चित्रातच नव्हत्या. तारखा मांडून बघितल्या तर एवढं सरळ दिसतं. पण पुरुष बुडाला की बाईनं बुडवला, हे आपल्याला इतकं पटलेलं असतं की तारखा कोण बघतो?

बाईनं स्वतः सांगितलं तर? हंसा वाडकरांनी सांगितलं. अरुण साधूंनी शब्दबद्ध केलेलं 'सांगत्ये ऐका' 1970 साली पुस्तकरूपानं आलं. लहान वयापासून घर तिच्या कमाईवर, आणि त्याच कमाईसाठी तिच्यावर संशय. एका टप्प्यावर ती सगळं सोडून निघते आणि येऊन पडते ती आपल्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात, आधीच बायका असलेल्या माणसाच्या घरात, पडद्याआड. हा भाग वाचला तेव्हा ओसरीवर कोणी हललं नाही. 'भूमिका' हा 1977चा सिनेमा याच पुस्तकावरून. पण मला जे पुस्तक देताना वाचनालयातल्या गृहस्थांनी आवाज खाली आणून "हे बायकांसमोर वाचू नका" असा सल्ला दिला, ते हेच. गेली पन्नास वर्षं हे पुस्तक 'किती पुरुष' एवढंच मोजत वाचलं गेलं. किती पैसे, आणि कोणी नेले, हे मोजून बघा. ते वेगळंच पुस्तक निघतं.

हे केवळ आपल्याकडचं आहे असं मात्र समजू नका. रॉक संगीताची राणी म्हटली गेलेली अमेरिकन गायिका टीना टर्नर हिचं 1986चं आत्मकथन मी इंग्रजीत वाचलं आणि तीन गुरुवार बायकांना मराठीत सांगितलं. कापूस वेचणाऱ्यांच्या मुलखातली काळी मुलगी, खरं नाव ॲना मे. बँडचा मालक आयक टर्नर यानं तिला 'टीना' हे नाव दिलं, आणि ती गेली तर त्याच नावानं दुसरी उभी करता यावी म्हणून नावावर आपला हक्क नोंदवून ठेवला. पुढे नवरा झाला, मारहाण करत राहिला. 1976 साली डॅलस शहरात एका रात्री ती रक्तानं माखलेल्या कपड्यांत हॉटेलातून पळाली तेव्हा जवळ छत्तीस सेंट होते. 1978 साली घटस्फोट झाला तेव्हा पैशांवरचा हक्क सोडून तिनं फक्त ते नाव मागून घेतलं.

यावर आमच्यात भांडण झालं. "त्यानंच ठेवलेलं नाव, घ्यायचं कशाला?" एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, "आपलं तरी कुणी ठेवलंय? तांदळात बोटानं लिहिलं अन् मी आशाची वंदना झाले. पण त्या नावानं राबले तर मीच ना?" मला वाटतं टीना टर्नरवर याहून नेमकं कोणी बोललं नसेल. आपल्या गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता गायली आणि स्वतःला 'नामयाची' म्हणवत राहिली, तिच्यापासून हा नावाचा प्रश्न चालत आला आहे.

आणखी एक. इंग्लंडचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि त्याची पूर्वीची पत्नी पॅटी बॉइड, दोघांची आत्मकथनं 2007 या एकाच वर्षी आली. एकच संसार, दोन पुस्तकं; वाचकानं ठरवावं. आपल्याकडे रविशंकरांनी आपलं आयुष्य पुस्तकांतून सांगितलं. अन्नपूर्णादेवींनी जाहीर वादन थांबवलं, मुंबईच्या घरात बसून शिष्य घडवले, आणि 2018 साली गेल्या. स्वतः लिहिलं नाही. त्यांच्या मौनाचंही आपण कौतुकच केलं.

"कलावंताची कला बघा, संसारात कशाला डोकावता?" असं मला एका प्राध्यापक मित्रानं सुनावलं. डोकावत आम्ही नाही. 'गुरुवर्यांच्या यशामागे पत्नीची मूक साथ होती' हे वाक्य चरित्रकारच लिहितो आणि तिथून झटकन पुढच्या मैफलीला निघून जातो. आम्ही त्या वाक्यापाशी थांबतो, इतकंच. आणि सगळेच नवरे आयक टर्नर असतात असंही आमचं म्हणणं नाही. सुलोचना चव्हाणांनी आपल्याला लावणी नवऱ्यानं शिकवली हे मनापासून सांगितलं आहे. आमच्या बायकांनी त्यालाही दाद दिली.

आता त्या ओसरीकडे परत येते. बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा 1961 साली झाला, 2017 साली ती सव्वीस आठवड्यांवर आली. गायन पार्टीत, तमाशात, उसाच्या फडात ती हाती पडत नाही. तिथे बाईला नोकर म्हणतच नाहीत. पण 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात बाईची कमाई हिरावणं हासुद्धा छळ मानला आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. मी तसं नवऱ्याला सांगितलं. त्याहून जास्त उपयोग झाला तो त्या म्हाताऱ्या आजींचा. त्या माझ्यासोबत आल्या होत्या. म्हणाल्या, "विठाबाई मालकीण व्हती फडाची. हिला कर मालकीण, मंग सांग तिची गोष्ट."

पहिली सुपारी रद्द झाली, विसार परत गेला. दुसऱ्या सुपारीचा विसार खर्च झाला होता म्हणून ती गेली, खुर्चीवर बसून चार गाणी गायली, मध्ये दोनदा लेकराला पाजलं. बाकीची गाणी नवऱ्याच्या भावानं उरकली. दिवाळीनंतर तिनं स्वतःच्या नावानं खातं काढलं आहे. पार्टीच्या बोर्डावर अजून नवऱ्याचंच नाव आहे आणि खाली 'सोबत' असं लिहून तिचं. 'सोबत' हा शब्द पुसायला तो तयार नाही. त्यावर बोलणं चालू आहे.