वरदेच्या दोन तीरांवरील दोन भाऊ

भाऊबंदकी हा शब्द ‘भाऊ’ या गोड शब्दापासूनच निघालेला आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. परक्याशीं वैर होतें, शेजाऱ्याशीं तंटा होतो. परंतु भाऊबंदकी होण्यास एक रक्त आणि एक वडिलार्जित ठेव लागते. ती ठेव चार एकर काळी जमीन असो कीं विदर्भाचें सिंहासन असो, भांडणाची जात एकच. अशा एका सिंहासनाच्या वांटणीची कथा आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. त्या वांटणीची सीमा आम्हां यवतमाळकरांस परकी नाहीं. राळेगाव-वणीच्या कडेनें वाहणारी आमची वर्धा नदी, प्राचीनांची वरदा, हीच ती सीमा.

इ. स. पूर्व १८५ च्या सुमारास पुष्यमित्र शुंगानें शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ यास मारून मगधाचें राज्य घेतलें. त्याचा पुत्र अग्निमित्र विदिशेस राहून कारभार पाहूं लागला. त्या काळीं विदर्भाच्या गादीवर यज्ञसेन नुकताच बसला होता, आणि चुलतभाऊ माधवसेन याच्याशीं त्याचें वांकडें होतें. ही हकीकत आपणांस कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’वरून कळते. कवि शुंगांनंतर कित्येक शतकांनीं झाला व त्याचा विषय शृंगार. तेव्हां नाटकांतील प्रत्येक प्रसंग इतिहास म्हणून घेतां यावयाचा नाहीं. तथापि त्यांतील शुंग राजांचीं नांवें पुराणांतल्या वंशावळीशीं जुळतात, आणि राजकारणाचा धागा तर इतका व्यवहारी आहे कीं, हें नाटक शिकवितांना आम्ही प्रेमकथेपेक्षां त्यावरच अधिक वेळ घालवीत असूं.

माधवसेनानें आपली बहीण मालविका अग्निमित्रास देऊं केली होती. तो विदिशेकडे निघाला असतां यज्ञसेनाच्या सीमारक्षकानें त्यास वाटेंत पकडलें, आणि त्या गडबडींत मालविका नाहींशी झाली. अग्निमित्रानें माधवसेनास सोडण्याविषयीं लिहिलें. यज्ञसेनाचें उत्तर आलें कीं, हा एका कुळांतील राजांचा व्यवहार आहे, त्यांत आपण मध्यस्थ असावें. आणि माझा मेहुणा, मौर्यांचा सचिव, आपल्या कैदेंत आहे, त्यास सोडाल तर मीहि माधवसेनास सोडीन. येथें यज्ञसेन चुकला. भावाच्या सुटकेचा सौदा त्यानें परक्याशीं आरंभिला, आणि सौदा निभावण्याइतकें बळ गांठीं नव्हतें. ज्याचें आसन प्रजेंत अजून रुजलें नाहीं त्यास उखडणें सोपें, हें विदिशेचा अमात्य जाणत होता. वीरसेनाचें सैन्य विदर्भावर चालून आलें, यज्ञसेन जिंकला गेला आणि माधवसेन मोकळा झाला.

वाचक म्हणतील, आतां सगळें राज्य माधवसेनाचें! पण अग्निमित्रानें तसें केलें नाहीं. त्यानें पराभूत यज्ञसेनासहि राजा म्हणून ठेविलें, आणि वरदेचा उत्तर तीर एकास व दक्षिण तीर दुसऱ्यास दिला. कोणता तीर कोणास, हें सांगण्याची कवीस गरजहि वाटली नाहीं. वरवर पाहतां हें औदार्य. परंतु संमति देतांना मंत्रिपरिषदेनें त्याचें मर्मच सांगितलें. दोघे परस्परांस दाबांत ठेवतील व त्यामुळें दोघेहि अग्निमित्राच्या आज्ञेंत राहतील, असा तिचा अभिप्राय. पारडीं समान झालीं. तराजूची दांडी मात्र विदिशेच्या हातीं गेली. इकडे मालविका, विदर्भाची राजकन्या, विदिशेच्या राणीच्या घरीं दासी होऊन नृत्य शिकत होती. भाऊ भांडले म्हणजे घरच्या लेकींचें काय होतें, याचा याहून बोलका दाखला कोणता?

याच नदीनें असा प्रकार पुन्हा पाहिला. वऱ्हाडांत नागपूरकर भोसले व निजाम यांचा दुअंमल होता. डिसेंबर १८०३ मध्यें झालेल्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख दुसऱ्या रघूजी भोसल्यांस सोडावा लागला व तो निजामाकडे गेला. रेघ ओढणारा हात इंग्रजांचा होता. निजामास तरी तें कोठें पचलें? १८५३ सालीं त्याच इंग्रजांनीं वऱ्हाड आपल्या ताब्यांत घेतलें.

याच्या उलट एक उदाहरण पाहावें. राष्ट्रकूट राजा ध्रुव यानें वडील पुत्र स्तंभ यास डावलून धाकट्या गोविंदास राज्य दिलें. इ. स. ७९३ च्या सुमारास हा तिसरा गोविंद गादीवर येतांच स्तंभ बारा राजे मिळवून उठला. गोविंदानें त्याचा मोड केला. पण नंतर निवाडा करावयास कोणास बोलाविलें नाहीं. क्षमा करून त्यास त्याच्या पूर्वीच्या गंगवाडीवरच पुन्हा नेमिलें, आणि स्तंभहि पुढें एकनिष्ठ राहिला. पाठीमागें घर असें सांवरलेलें होतें, म्हणूनच गोविंदास उत्तरेंत जाऊन प्रतीहार नागभटाचा पराभव करितां आला.

वांटणी होऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. भाऊ वेगळे होतात, आणि पुष्कळ वेळां तें हिताचेंहि असतें. परंतु ती वांटणी आपल्याच ओसरीवर, वडील माणसांच्या देखत व्हावी. बाहेरचा मनुष्य स्नेही म्हणून आला तरी तराजू आपल्याबरोबर घेऊन येतो. आणि २००५ सालापासून वडिलार्जितांत लेकीचाहि बरोबरीचा वांटा कायद्यानें मानला आहे. तेव्हां दोन तीर मोजतांना मालविकेस विसरूं नये.