भट्टीला आडनाव लागतं

हॉटेलातली अस्पृश्यता संपली, असं आपलेच कार्यकर्ते आता बिनधास्त बोलतात. भाषणात बोलतात, चहा पिताना बोलतात. पुरावा काय? तर आपण टेबलावर बसतो, वेटर 'सर' म्हणतो, बिल भागवून बडीशेप तोंडात टाकतो आणि बाहेर पडतो. टेबलावर बसून तेवढंच दिसणार. मी पाच वर्षं मोशीत हॉटेलच्या आत काम करतोय. आत काय चालतं ते लिहितो. पटलं नाही तर तोंडावर सांगा, पण आधी वाचा.

पहिल्यांदा कायद्याचं बोलू. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये लिहिलंय, दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत शिरायला जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. कलम १७ नं अस्पृश्यताच रद्द केली. १९५५ ला अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आला, १९७६ ला त्याचं नागरी हक्क संरक्षण कायदा असं बारसं झालं. १९८९ ला ॲट्रॉसिटीचा कायदा. बापजाद्यांनी हाडं झिजवून मिळवलेलं आहे हे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण दोस्तहो, १५(२) नं उघडलं ते पुढचं दार. गिऱ्हाइकाचं. खिशात पाचशेची नोट असली की पुढच्या दारात कुणी आडनाव विचारत नाही. भटारखान्यात मात्र पहिला प्रश्न तोच असतो. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात नोकरीधंद्यातला भेदही आला, मान्य. आता मला सांगा, "तुझा हात मोरीतच बसलाय" एवढ्या एका वाक्यावर कुठला फौजदार गुन्हा लिहून घेईल?

पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी सोडली की मोशी. इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी फाटा, कुरुळी, पुढं चाकण. १९९७ ला मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. चाकणला मोटारींचे कारखाने आले, जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि ज्याच्याकडं रस्त्याकडंची चार गुंठे उरली त्यानं हॉटेल टाकलं. पाट्या वाचत जा कधी. पाटील, सरकार, वाडा, खानदानी, घरगुती. घरगुती म्हणजे कुणाच्या घरची चव, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. तुमच्या-माझ्या घरची नक्कीच नाही.

आतली उतरंड अशी. गल्ल्यावर शेठ नाहीतर शेठचा मेव्हणा. मग कॅप्टन, मग वेटर. आत भट्टीवर वस्ताद, तंदूरवर उस्ताद, चायनीजच्या शेगडीवर नेपाळी नाहीतर ईशान्येकडचा पोरगा. भाकरीला बाया. कांदा-लसणाला हेल्पर. आणि सगळ्यांच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये, घोट्याएवढ्या पाण्यात, मोरी. मी होतो तिथं भट्टीपासून मोरीपर्यंत बारा पावलं होती. मोरीला महिना बारा हजार, तंदूरला बावीस. म्हणजे पावलाला हजाराला थोडेसे कमी. मोरीत कोण? मी परभणीकडचा, बौद्ध. माझ्याबरोबर लातूरकडची एक मावशी, मातंग. तिसरा पोरगा यायचा-जायचा, पण आला तो आपल्यातलाच नाहीतर पारध्याचा. पाच वर्षांत तीन हॉटेलं केली. मोरीत मराठ्याचं पोर एकदाही पाहिलं नाही. गरीब मराठ्याची पोरं हॉटेलात नव्हती असं थोडंच? होती. कामाला लागली की ती वेटर व्हायची.

वजडीचं सांगतो, म्हणजे समजेल. आपल्या घरात वजडी शिजली की शेजारी नाकाला पदर लावायचे. आता हायवेवर 'वजडी फ्राय' मेनूत आहे, आणि गाडीवाले साहेब लोक आवडीनं मागवतात. बरं झालं. पण ती येते कच्ची, घाण सकट. ती उकळत्या पाण्यात बुडवून, नखानं आणि सुरीनं खरवडून पांढरीधोप करायची, हे काम मोरीचं. पांढरी झाली, वास गेला, की घमेलं भट्टीकडं सरकतं आणि मग तिला मसाला लावायला वस्तादाचा हात लागतो. घाणीत असते तोवर माझी, खाण्यालायक झाली की त्याची. मी एकदा म्हणालो, वस्ताद, हिला तिखट असं नाय, आधी नुसत्या मिठात शिजू द्या, माझी आई अशी करते. सगळा भटारखाना हसला. वस्ताद म्हणाला, "तुझी आई कुठं कामाला होती?" कामाला! ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वजडीवर पोरं जगली, त्या घरच्या बाईला वजडी शिजवायचं सर्टिफिकेट कुठून आणायचं?

तंदूरवर उस्ताद होता, उत्तर प्रदेशातला मुसलमान, साठीचा. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस नाहीत, जळून गेलेले. त्यानं मला कधी "कुणापैकी" विचारलं नाही. रात्री बारानंतर गिऱ्हाईक संपलं की तो मला बोलवायचा, "आ बेटा, हाथ गरम कर." गादीवर रोटी कशी पसरायची, भिंतीला थापताना श्वास कसा धरायचा, पीठ सैल असलं की रोटी निखाऱ्यात कशी गळून पडते, हे सगळं त्यानं शिकवलं. पैसा घेतला नाही. एक बिडी घ्यायचा.

भाकरीवाली मावशी खेड तालुक्यातली. नवऱ्यानं टाकलेली, दोन पोरी. चुलीपुढं बसून दिवसाला तीनशे भाकरी थापायची, पगार माझ्याइतकाच. शेठनं दोन महिने तिचा पगार अडकवला तेव्हा अर्ज मी लिहून दिला. तिनं तो घेतला. माझ्या हातून पाण्याचा तांब्या मात्र कधी घेतला नाही. "ठेव तिथं," म्हणायची. मग मी लांब गेलो की उचलायची. गरिबी सगळ्यांना एक करते म्हणणाऱ्यांनी आठ दिवस तिच्या चुलीशेजारी बसावं.

आणि चायनीजचा नेपाळी. अबोल, कायम कानात गाणी. एका रात्री दारू चढल्यावर त्यानं मला त्याची जात सांगितली. तो आता आखातात गेलाय म्हणून लिहितो, आडनाव तरीही लिहिणार नाही. नेपाळात ते आडनाव ऐकलं की शेंबडं पोरगंही ओळखतं, हा कामी, लोहारकाम करणारा, पाणी न चालणारा. तिथं १८५४ च्या मुलुकी ऐनात, म्हणजे देशाच्या कायद्यातच, कामी, सार्की, दमाई यांच्या हातचं पाणी चालत नाही असं लिहून ठेवलं होतं. १९६३ ला ते कलम गेलं. गावची विहीर काही बदलली नाही, तो म्हणाला. तर हा गडी मोशीत मोठ्या कढईवर उभा. त्याच्या हातचा फ्राईड राइस खानदानी पाटलांची पोरं बोटं चाटून खात होती. का? तर शेठला ते आडनाव वाचता येत नव्हतं! माझं वाचता येत होतं. आम्हा दोघांत फरक एवढाच.

१९१७ ला बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी पारशी लाठ्या घेऊन दारात उभे राहिले. तेव्हा ते अमेरिकेत आणि लंडनात शिकून आलेले. नेपाळ्याला मी हे सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता भांडण. एका रविवारी उस्ताद तापानं पडला. हॉटेल खच्चून भरलेलं. शेठ लग्नाला गेलेला. कॅप्टन माझ्याकडं बघून म्हणाला, "येतं ना तुला? लाव." मी हात धुतले आणि लावल्या. रात्री साडेअकरापर्यंत रोट्या लावल्या. एक परत आली नाही. स्टाफच्या जेवणाला भाकरीवाल्या मावशीनं रोटीला हात लावला नाही, आपल्या दोन भाकऱ्या घेऊन भिंतीकडं तोंड करून जेवली. सोमवारी शेठ आला. त्यानं शिवी दिली नाही की जात काढली नाही. खांद्यावर हात ठेवला. "तू चांगला आहेस रे, पण गावातली माणसं येतात, कुणी काय बोललं तर धंद्याला लागतं." उस्ताद गावी गेला तेव्हा तंदूरवर शेठचा भाचा उभा राहिला. त्याला गादी कुठल्या हातात धरायची ते माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मनगट भाजून घेतलं.

त्या शनिवारी मी आणि लातूरची मावशी मोरी सोडून बाहेर दगडावर बसलो. साडेनऊला ताटं संपली. शेठ ओरडत आला. मग भाकरीवाल्या मावशीला म्हणाला, तू जरा हात लाव. ती म्हणाली, "मोरीत मी हात घालायची नाय." आणि शेठ गप्प झाला! तिला एका शब्दानं बोलला नाही. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. 'हात बसलाय', 'कामाची सवय', 'कौशल्य' ही सगळी थापेबाजी त्या एका गप्प बसण्यात उघडी पडली. तेवढ्यात नेपाळ्यानं शेगडी बंद केली, कढई उपडी ठेवली आणि येऊन आमच्याजवळ दगडावर बसला. बोलला काहीच नाही. पुढच्या आठवड्यात मला काढलं. लातूरची मावशी राहिली, तिची पोरं शाळेत आहेत, तिला मी दोष देत नाही.

हे घेऊन मी चाकणच्या एका लाल झेंड्याच्या युनियनवाल्याकडं गेलो. माणूस सज्जन. म्हणाला, हॉटेल कामगार असंघटित आहे, आधी किमान वेतन, आठ तास, मग बाकीचं बघू. हे 'मग' शंभर वर्षं जुनं आहे! मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणखात्यात घेत नव्हते. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, थुंकीचा विटाळ. पगार जास्त तिथंच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला, आमच्या माणसाला विणखातं खुलं करा ही मागणी घाला. पुढाऱ्यांनी नाइलाजानं घातली. मालक काय म्हणाले? हा अन्याय खरा, पण तो आम्ही केलेला नाही. फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेब बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातलं दुसरं विसरतो आपण. आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात वरकाम करावं लागतं. चूल आणि पाणी आलं की कामगारांची एकजूट फाटते, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं. युनियनवाल्याला मी हे सांगितलं. त्यानं चहा मागवला. कप धुणारा पोरगा कोण होता, हे त्यानं बघितलं नाही.

पुण्यात सप्टेंबर २०१७ ला एका बड्या सरकारी शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसात तक्रार दिली. स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईनं ब्राह्मण असल्याचं खोटं सांगितलं, आमचं सोवळं मोडलं. तोतयेगिरीचा गुन्हा! पुढं तक्रार मागं घेतली. स्वयंपाकाची बाई मराठा होती, मराठा संघटना रस्त्यावर उतरल्या. उतरायलाच हव्या होत्या, आपणही त्यांच्या बाजूनं होतो. पण मला त्या मोर्चेकऱ्यांना विचारायचंय, बाबांनो, हायवेवरच्या तुमच्या हॉटेलात तंदूरवर आमचं पोर का नाही? तुमच्या बाईचा हात बाटतो म्हटलं की तुमचं रक्त उसळतं, आणि आमचा हात भट्टीपर्यंत पोचतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाला हे कळलं होतं. एप्रिल २००४ च्या आदेशात शाळेतल्या मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी आणि मदतनीसांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या असं न्यायालयानं सांगितलं. नुसतं पंगतीत बसवून भागत नाही, वाढणारा आणि शिजवणारा हात बदलावा लागतो, हे न्यायालयाला दिसतं आणि आपल्या जयंती कमिटीला दिसत नाही. जयंतीच्या भोजनदानाला आचारी कोण असतो? बाहेरून आणलेला 'महाराज'. आपल्या लग्नातही आता महाराजच. आणि भांडी घासायला? आपल्याच वस्तीतल्या बाया, रोजावर. हे कुठल्या कायद्यानं करतो आपण?

(मोशीतच महापालिकेचा कचरा डेपो आहे. सगळ्या पिंपरी-चिंचवडचा कचरा तिथं येतो. २०२३ पासून तिथं कचऱ्याची वीज करतात. मोरीतल्या माणसाचं काय करायचं, ते अजून कुणाला सुचलेलं नाही.)

तर मागणी. पुढच्या बैठकीत ठराव घ्या, की ज्या हॉटेलात आपण पैसे मोजतो तिथं भट्टीवर कोण आणि मोरीत कोण, हे उठून आत जाऊन विचारायचं. आडनावानिशी. आणि दुसरं. देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्ती बसवली. दर २५ डिसेंबरला तिथं हजारो माणसं जमतात. यंदा तिथं तंदूर आपण लावायचा, वजडी आपण शिजवायची, आपल्या आईच्या पद्धतीनं, आणि पाटी आपल्या नावानं. महाराज नको. तंदूरचा मातीचा माठ, गादी, सळया यांचं मी बघतो. लातूरची मावशी येते म्हणाली, पण तिनं बजावलंय, भांडी घासायला येणार नाही, शिजवायला येईन. पीठ मळायला दोन दणकट माणसं हवीत. माझं हॉटेल बंद व्हायला साडेबारा होतात, त्यानंतर कधीही या, पहाटे चारपर्यंत शिकवतो.