पोकर टूर्नामेंटचा पहिला तास डोक्याचा, शेवटचा नशिबाचा. मग कायद्याने थेट पैशाकडेच का बघितलं?

जालना जिल्ह्यातल्या स्थानिक बातम्या वाचत असाल, तर एक बातमी तुम्हाला पाठच असेल. भोकरदन, अंबड, परतूर, घनसावंगी, तालुका कुठलाही असो. शिवारात झाडाखाली तिर्रट किंवा झन्नामन्ना चालू होता, पोलिसांनी छापा मारला, रोख रक्कम, पत्ते, मोबाइल आणि दुचाक्या जप्त. गुन्हा जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 (अ) खाली.

आता समजा, त्याच झाडाखाली एक पोरगा शंभर रुपये भरून मोबाइलवर पोकरची टूर्नामेंट खेळत बसलाय. ऑगस्ट 2025 पर्यंत अ‍ॅप त्याला सांगत होतं की हा जुगार नाही, हा ‘स्किल गेम’ आहे. पत्ते तेच 52, पैसेही तितकेच खरे. मग एकावर छापा आणि दुसऱ्याला बोनस, असं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर टूर्नामेंटच्या पहिल्या तासात काय घडतं, ते समजून घ्यावं लागेल.

आधी खेळ समजून घेऊ

पोकरचा सगळ्यात लोकप्रिय प्रकार म्हणजे नो-लिमिट होल्डम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मध्ये पाच पत्ते उघडतात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातपैकी पाच पत्त्यांचा ज्याचा संच भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. ‘नो-लिमिट’ म्हणजे बोलीला वरची मर्यादा नाही. समोरच्या सगळ्या चिप्स एकदम लावता येतात, त्याला ‘ऑल-इन’ म्हणतात.

टूर्नामेंटमध्ये सगळे ठरलेली प्रवेश फी भरतात आणि सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात. चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर. प्रत्येक डावात दोन खेळाडूंना पत्ते बघायच्या आधीच सक्तीची रक्कम टाकावी लागते. तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात आणि ती ठराविक मिनिटांनी वाढत जाते. सगळी गोम या वाढण्यात आहे.

पहिल्या तासात थांबणं स्वस्त असतं

समजा तुमच्याकडे 10,000 चिप्स आहेत आणि ब्लाइंड 25 आणि 50 आहे. नऊ जणांच्या टेबलवर एक पूर्ण फेरी तुम्ही नुसती बसून काढली, तर खर्च होतो 75 चिप्स. म्हणजे एक टक्काही नाही.

म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांत चांगला खेळाडू बहुतेक डाव सोडून देतो. हातात एखादी जोडी येण्याची शक्यता 17 डावांत एकदा. दोन एक्के येण्याची शक्यता तर 221 डावांत एकदा. छोटी जोडी आली, तर तो थोड्या चिप्स टाकून मधले तीन पत्ते बघतो. त्यात जोडीचा तिसरा पत्ता साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतो. लागला तर मोठा डाव मारायचा, नाही लागला तर गप पत्ते टाकून द्यायचे. बाकी वेळ टेबलवरची माणसं वाचायची: कोण घाबरट, कोण उतावीळ, कोण थापा मारतो.

नवखा मात्र इथेच फसतो. दोन बरे पत्ते दिसले की ऑल-इन. साधा हिशोब करून बघा. समजा प्रत्येक वेळी तुमची जिंकण्याची शक्यता 80 टक्के आहे. एवढी चांगली बाजू असूनही लागोपाठ तीन ऑल-इनमध्ये टिकण्याची शक्यता उरते फक्त 51 टक्के. बक्षीस शेवटच्या क्रमांकावर ठरतं, त्यामुळे सुरुवातीला चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची शक्यता दुप्पट होतेच असं नाही. पण चिप्स संपल्या तर मात्र थेट घरी. पहिल्या तासात टूर्नामेंट जिंकता येत नाही, हरता मात्र येते.

थोडक्यात, इथे संयम, गणित आणि निरीक्षण चालतं. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हा दावा या तासापुरता बऱ्यापैकी खरा आहे.

मग घड्याळ पुढे सरकतं

काही तासांनी ब्लाइंड 500 आणि 1,000 झाली. तुमच्याकडे अजूनही 10,000 चिप्स आहेत. आता तीच एक फेरी 1,500 ला पडते. नुसतं बसून राहिलात, तर सात फेऱ्याही निघत नाहीत. मग मध्यम पत्त्यांवरही ऑल-इन जावं लागतं. एकाकडे राणीची जोडी आणि दुसऱ्याकडे एक्का-राजा असेल, तर तो सामना जोडीकडे थोडा झुकलेला, पण जवळपास नाणेफेकच.

कौशल्य संपत नाही. कधी ऑल-इन जायचं, हे कळणं हेही कौशल्यच आहे. पण निर्णय कमी होतात आणि एकेका पत्त्याचं वजन वाढतं. मोबाइलवर ‘टर्बो’ प्रकारात ब्लाइंड काही मिनिटांतच वाढते. तिथे संयमाचा पहिला तास बघता बघता संपतो आणि नाणेफेक लवकर येते.

म्हणजे ‘पोकर कौशल्य की नशीब?’ या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. एकाच टूर्नामेंटमध्ये ते तासागणिक बदलतं.

न्यायालयांचंही एकमत झालं नाही

महाराष्ट्रातला जुगारविरोधी कायदा 1887 चा, ब्रिटिशांच्या काळातला. त्याच्या कलम 13 मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. तीन पत्तीसारखे खेळ मात्र निव्वळ नशिबाचे. ऑनलाइन कंपन्यांनी पुढे याच रमीचा आधार घेतला.

पोकरवर गाडी अडली. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरला जुगार ठरवलं. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये रमी आणि पोकरला कौशल्याचे खेळ मानून तमिळनाडूची त्यांच्यावरची बंदी उठवली. खेळ तोच, पण राज्य बदललं की उत्तर बदललं.

2025 मध्ये प्रश्नच बदलला

ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत 20 ऑगस्ट 2025 ला मांडलं गेलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झालं आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच सुमारास मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांचे खेळ बंद केले. पोकरबाझीही त्यात होतं.

या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे भरून, जिंकण्याच्या अपेक्षेने ऑनलाइन खेळला जाणारा खेळ म्हणजे ‘ऑनलाइन मनी गेम’, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

कंपन्या याविरोधात न्यायालयात गेल्या. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका 8 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. कौशल्याचा खेळ खेळणं हा माणसाचा हक्क आहे, या कंपन्यांच्या युक्तिवादात अर्थ आहेच. पहिल्या तासाचा हिशोब आपण पाहिला.

पण एक गोष्ट या वादात सुटते

टेबलवर तुम्ही कौशल्याने जिंका नाहीतर नशिबाने, कंपनीला दोन्ही लागत नाही. समजा प्रवेश फी 100 रुपये, त्यातले 10 कंपनीचे. 500 जण खेळले तर 5,000 रुपये पहिला पत्ता वाटायच्या आधीच कंपनीकडे. उरलेले 45,000 वरच्या मोजक्या लोकांत वाटले जाणार आणि बहुतेक जण रिकाम्या हाताने परतणार.

त्यात अनेक टूर्नामेंटमध्ये सुरुवातीच्या फेऱ्यांत बाद झालात तर पुन्हा पैसे भरून परत बसता येतं. जो तास खेळाडूने शांत बसून काढायचा, त्याच तासात अ‍ॅप त्याला ‘पुन्हा खेळा’चं बटण दाखवतं. शंभर रुपये ठरवून बसलेला पोरगा पाचशे घालवून उठतो, तो असा.

जाहिरातीत मात्र कायम जिंकणारा दिसतो. अमेरिकेतल्या ख्रिस मनीमेकरने 2003 मध्ये 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून थेट वर्ल्ड सिरीजचं तिकीट मिळवलं आणि 25 लाख डॉलर जिंकले. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पण त्या मुख्य स्पर्धेत 839 जण होते आणि उरलेल्या 838 जणांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही.

मग जालन्यात बसून तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

पहिलं, पोकर शिकायचा असेल तर फुकट चिप्सवर शिका. वर सांगितलेलं सगळं गणित तिथेही तसंच चालतं.

दुसरं, टेलिग्रामवर लिंक देऊन ‘इथे अजून चालू आहे’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. परदेशी साइट तुमचे पैसे बऱ्याचदा कुणातरी तिसऱ्याच्या यूपीआय खात्यावर घेते. जिंकलेली रक्कम अडकली तर दाद कुणाकडे मागणार? आणि स्वतःचं बँक खातं अशा व्यवहारासाठी कुणाला ‘वापरायला’ देऊ नका. पोलिसांचा तपास आधी त्याच खात्यापर्यंत येतो.

तिसरं, हॉल घेऊन प्रवेश फी लावून पत्त्यांची टूर्नामेंट भरवायची कल्पना डोक्यात असेल, तर ऑनलाइनचा नवा कायदा नाही, 1887 चा जुना कायदा आडवा येतो. पोकरला त्यात नाव घेऊन सूट दिलेली नाही. गोव्यातल्या कॅसिनोचा कायदा वेगळा आहे, तो इथे चालत नाही.

चौथं, फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 वर फोन करा. खेळणं सुटत नसेल, घरात सांगायची हिंमत होत नसेल, तर टेलिमानसच्या 14416 वर मोफत बोलता येतं.

झाडाखाली तिर्रट खेळणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण जुगार खेळतोय. मोबाइलवरच्या पोराला मात्र कित्येक वर्षं सांगितलं गेलं की तू हुशार आहेस, म्हणून खेळतोयस. तो हुशार असेलही. पण हुशार खेळाडू पहिल्या तासात सगळ्यात आधी शिकतो ती गोष्ट म्हणजे डाव सोडून देणं, आणि तेवढीच एक गोष्ट अ‍ॅपने त्याला कधी शिकवली नाही.